मिझोराम : बळ आणि विश्वास



सशस्त्र फुटीरतेला शासनाने कसे उत्तर द्यावे? कोणी म्हणतो केवळ बळाने, कोणी म्हणतो केवळ चर्चेने. मिझोरामचा इतिहास या दोघांनाही अंतर्मुख करणारा आहे.

तिथल्या बंडाचे मूळ भुकेत होते. १९५९ मध्ये बांबू फुलला, उंदरांची अतोनात वाढ झाली आणि त्यांनी डोंगरावरचे धान्य फस्त केले. स्थानिकांनी आधीच इशारा दिला होता. पण तत्कालीन आसाम शासन गाफील राहिले. दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट जन्माला आली. पूर्व पाकिस्तानने तिला आश्रय व शस्त्रे पुरवली. १ मार्च १९६६ रोजी तिने भारतापासून स्वातंत्र्य घोषित केले.

हे आव्हान मोडून काढणे शासनाचे कर्तव्यच होते. सेना धावून गेली नसती, तर ऐझॉल हातचे गेले असते. परंतु ५ मार्चपासून त्याच ऐझॉलवर वायुदलाने मारा केला. पुढे १९६७ पासून गावेच्या गावे उठवून लष्करी देखरेखीखालील वसाहतींत आणली गेली. बंडखोरांची रसद तुटावी हा हेतू होता. घरे आणि शेते मात्र निरपराधांची गेली. ती जखम मिझो मन आजही विसरलेले नाही. स्वकीयांवर शस्त्र उगारताना शत्रू आणि प्रजा यांतील भेद पुसला जाऊ नये, हा धडा राष्ट्रभक्तांनीच आधी शिकला पाहिजे.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्त झाला आणि बंडखोरांचा आश्रय तुटला. तरीही शांतता लगेच आली नाही. वाटाघाटी अनेकदा फिसकटल्या. पण दार बंद झाले नाही. अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला. सार्वभौमत्वाची मागणी सुटली, शस्त्रे खाली आली. भारताने राज्याचा दर्जा दिला आणि मिझो रूढी व जमिनीला घटनेचे संरक्षण दिले. मुख्यमंत्री लालथनहौला यांनी लालडेंगांसाठी स्वतःचे पद सोडले. सत्तेच्या राजकारणात असा त्याग विरळाच! कालचा बंडखोर भारतीय राज्यघटनेची शपथ घेऊन मुख्यमंत्री झाला, पुढे मतपेटीतून पराभूतही झाला. पण पुन्हा जंगलात गेला नाही.

अखंडतेबाबत तडजोड नाही, सन्मानाबाबत कृपणता नाही, हेच या इतिहासाचे सार आहे. सीमा सैनिक राखतो. सीमेवरचे मन मात्र सर्व समाजाला राखावे लागते. भुकेची हाक वेळीच ऐकली, तर पुष्कळदा बंदुकीची वेळच येत नाही.