हसणे कोणत्या खात्यात लिहावे?

(मौखिक स्वच्छता दिनानिमित्त अर्धापूर येथे रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्यक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जमाखर्चाच्या वहीशी संसार मांडलेला माणूस आहे. तरीही आज दात आणि हिरड्यांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, ते एका चुकीची कबुली देण्यासाठी.

आज १ ऑगस्ट. इंडियन सोसायटी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी ही हिरड्यांच्या तज्ज्ञांची संस्था उभी करणारे डॉ. जी. बी. शंखवाळकर यांचा जन्मदिन देशभर मौखिक स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. काही वर्षांपूर्वी याच विषयाचा एक अर्ज दंतविभागाकडून माझ्या टेबलावर आला. एका मुलीच्या वाढलेल्या हिरड्या कापून त्यांना आकार द्यायचा होता व खर्च निर्धन रुग्ण निधीतून मागितला होता. मी शेरा मारला : "सौंदर्योपचार. धर्मादाय निधीतून मंजूर करता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या दंतवैद्य बाईंनी त्या मुलीला व तिच्या आईला थेट माझ्या खोलीत पाठविले. वडील केळीच्या बागेत मजुरी करणारे. मुलीने ओढणी तोंडावर घट्ट धरली होती. आई म्हणाली, "साहेब, लेकराला सगळं येतंय, पण वर्गात तोंडच उघडंना." मुलीने ओढणी बाजूला केली. हिरड्यांनी समोरचे दात निम्म्याहून अधिक झाकले होते.

लहानपणापासून तिला अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, त्रास होता. त्यासाठी ती फेनिटॉइन घेत असे. हे औषध जुने, परिणामकारक आणि गरिबाला परवडणारे. परंतु ते दीर्घकाळ घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या हिरड्या कमी-अधिक वाढतात. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबावरील काही गोळ्यांमुळेही असे घडते. वाढलेल्या हिरड्यांखाली अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, किटण साचते, सूज येते आणि त्या सुजेने हिरड्या आणखी वाढतात. ज्याला मी सौंदर्योपचार म्हटले, तो एका आजाराच्या उपचाराचाच उरलेला भाग होता. मी शेरा खोडला व त्याखाली सही केली.

उपचाराचा क्रम मला नंतर समजला. आधी दातांची व हिरड्यांची सफाई. औषध बदलता येईल का, याविषयी फिजिशियनचा सल्ला. आणि मग जागा बधिर करून जादा हिरडी कापणे. वरची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. मात्र औषध तेच राहिले आणि स्वच्छता राहिली नाही, तर हिरडी पुन्हा वाढू शकते. म्हणून ती मुलगी आजही नियमित सफाईसाठी येते. आप्तेष्टांना हात जोडून सांगतो : हिरड्या वाढल्या म्हणून फेफऱ्याची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. त्याने झटके उलटतात आणि प्राणावर बेतू शकते.

देणगीदार विचारतील, मग आता हसू सुंदर करून मागणाऱ्या प्रत्येकाचा खर्च निधीतून करायचा काय? मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीसाठी बाजूला ठेवावयाची असते. त्या पैशाचा प्रत्येक रुपया जपून वापरावा लागतो. म्हणून दंतवैद्यांशी विचारविनिमय करून आम्ही तीन खाती केली.

पहिले खाते आजाराचे : औषधाने वाढलेल्या हिरड्या, रक्त येणे, पू होणे, दात हलणे. पात्र रुग्णांसाठी याचा भार निधीने उचलावा. दुसरे खाते मधले : हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडणे. तेथे टाळूतील पेशींचा तुकडा घेऊन कलम करता येते. दुखणे किती, यावर निर्णय व्हावा. तिसरे खाते निव्वळ आवडीचे. काळसर हिरड्या गुलाबी करणे त्यात येते. हिरड्यांचा सावळा रंग मेलॅनिनमुळे असतो. तो आजार नव्हे, आणि काढला तरी पुष्कळदा परत येतो. हसताना हिरडी फार दिसते, अशी तक्रारही असते. पण तिचे कारण जबड्याची ठेवण किंवा आखूड ओठ असेल, तर नुसती हिरडी कापून उपयोग नाही. असे उपचार ज्याने त्याने स्वखर्चाने, नीट विचारून करावेत. त्यात लाज नाही. मात्र तो भार दात्याच्या पैशावर नको.

आणि एक गोष्ट या तिन्ही खात्यांच्या बाहेरची. आपल्या भागातील कित्येक माउल्या सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; ती दात घासत नाही, हिरडी खाते आणि कर्करोगाला वाट करून देते. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, परंतु घरातील डबीवर बंदी घरानेच घालावी लागेल. मधुमेह असलेल्यांनीही हिरड्यांतून येणारे रक्त अंगावर काढू नये. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

ती मुलगी मागील खेपेला नोंदणीच्या खिडकीवर उभी होती. कारकुनाने नाव विचारले. तिने ते खणखणीत सांगितले. ओढणी खांद्यावरच होती. ताळेबंदात या नोंदीसाठी रकाना नाही, म्हणून ती येथे तोंडी सादर केली.

आपल्या देणग्यांचा हिशेब सनदी लेखापालांनी तपासलेला आहेच. अर्जावर शेरा मारण्यापूर्वी रुग्णाला एकदा समोर बसवून पाहायचे, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो. माझ्यानंतर या खुर्चीवर येणाऱ्यानेही तो पाळावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करतो आणि आपली रजा घेतो.