शेवटच्या क्षणाची बोली



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनसचा कायदा किंवा एखाद्या संपाची हकीकत ऐकायला मिळेल, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही कळवले, ‘लिलावातील शेवटच्या क्षणाची बोली’. चिटणीसांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. तेव्हा आधीच सांगून ठेवतो की, या विषयाचा कामगाराच्या भाकरीशी संबंध आहे. तो दिसायला मात्र थोडे लांबून यावे लागेल.

लिलाव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बंद पडलेल्या गिरणीतले माग भंगारात निघताना आम्ही पाहिले आहेत. पुकारणारा ‘एक वार, दोन वार’ म्हणतो, आणि तिसऱ्या वाराआधी कोणी हात वर केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपण हे गंमत म्हणून ऐकतो. वास्तविक तो मोठा शहाणा नियम आहे. ज्याला अजून बोलायचे आहे त्याचे तोंड घाईने बंद करता येत नाही.

घड्याळावर संपणाऱ्या लिलावात ही सोय नसते. अमेरिकेत १९९५ साली पिअर ओमिद्यार या गृहस्थांनी संगणकावरचा लिलाव सुरू केला. तोच पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर पसरला. तिथे वस्तू मांडतानाच लिलाव कोणत्या क्षणी संपणार हे ठरलेले असते. एखादा गिऱ्हाईक आठवडाभर गप्प बसतो आणि शेवटचे तीन सेकंद उरले असता आपली बोली टाकतो. समोरच्याला उत्तर द्यायला सवडच नाही. याला ‘स्नायपिंग’ म्हणतात, म्हणजे दबा धरून नेम साधणे. आता तेवढी जागरणेही कोणी करीत नाही; संगणकाला सांगून ठेवले की तोच वेळेवर बोली टाकतो.

ही युक्ती संगणकाने शिकवली असे मात्र समजू नका. जुन्या इंग्लंडात मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवून लिलाव करीत; ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. सॅम्युअल पेपिस या आरमारी कारभारातील अधिकाऱ्याने १६६२ सालच्या रोजनिशीत अशा एका लिलावाची नोंद केली आहे. एक इसम नेहमी नेमक्या क्षणी ओरडे. त्याने गुपित सांगितले की, ज्योत विझण्यापूर्वी धूर खाली वळतो. घड्याळ कसलेही असो, त्याचा धूर ओळखणारा कोणी तरी निघतोच.

आता गंमत पाहा. ईबेवर आपण आपली कमाल किंमत सांगून ठेवू शकतो. समजा, पाचशे. दुसऱ्याची कमाल तीनशे असली, तर आपल्याला पाचशे द्यावे लागत नाहीत. तीनशेच्या एक पायरी वर वस्तू मिळते. मग पहिल्याच दिवशी खरी किंमत सांगून निवांत झोपावे की! दबा कशाला? कारण माणसे तशी वागत नाहीत. कोणी वर चढला की चुरशीने आणखी थोडे चढवतात. शिवाय जाणकाराने जुन्या वस्तूवर लवकर हात ठेवला, की ती मोलाची असल्याचे बाकीच्यांना फुकट कळते.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी ॲमेझॉनही लिलाव चालवीत असे. तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढे. म्हणजे आपलेच ‘दोन वार’. त्यांनी दोन्ही ठिकाणचे लिलाव ताडून पाहिले. ईबेवर जुन्या वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत पडलेली, ॲमेझॉनवर सुमारे ३ टक्क्यांत. माणसे तशीच, हाव तशीच, वस्तूही तशाच. नियम तेवढा निराळा. आमचे शिक्षण सातवीपुरते, बाकीचे नगर वाचनालयाच्या कृपेने. पण हा निबंध आम्हाला परका वाटला नाही. वेतनकराराची बोलणी महिनोन् महिने रेंगाळतात आणि संपाच्या आदल्या रात्री दीड वाजता सह्या होतात, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत.

आता भाकरीकडे येऊ. उलटा लिलाव नावाचा प्रकार आहे. त्यात काम देणारा एक आणि मागणारे अनेक. जो सर्वांत खाली उतरेल त्याला काम. नळ, खुर्च्या, कागद यांसाठी त्याला आमची हरकत नाही. परंतु सफाईचा, पहाऱ्याचा ठेकाही असाच निघतो. एका कारखान्यातील चाळीस सफाई कामगारांचा ठेका उतरत असताना ठेकेदाराच्या कचेरीत आम्ही पडद्यासमोर बसलो होतो. दोन तास आकडा हलेना. शेवटच्या चार मिनिटांत तो जिना कोसळावा तसा खाली आला. इथे वेळ वाढवण्याचा नियम होता बरे का! पण विक्रीत जो नियम खऱ्या गिऱ्हाइकाला वाचवतो, तोच इथे घसरण लांबवतो. दर पाच मिनिटांनी आणखी एक पायरी खाली.

खाली म्हणजे कुठे? ठेक्याचा बहुतेक भाग वेतनाचा. त्यावर भविष्यनिर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, राज्य विम्यात ३.२५ टक्के. हे आकडे कायद्याने बांधलेले. त्यांना हात लावता येत नाही. उरतो साबण, झाडू, देखरेख आणि ठेकेदाराचा नफा. बोली त्याहूनही खाली गेली, तर फरक कोणाच्या ताटातून निघणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. त्या वर्षी आमच्या बायांचे रबरी बूट बंद झाले, आणि पगार मिळाल्यावर त्यातले काही रोख परत मागण्याचा प्रकार सुरू झाला.

आम्ही व्यवस्थापनाकडे लेखी मागणी केली की, वेतन आणि कायदेशीर वाटे निविदेतच छापा, त्यांवर बोली नको. बोली फक्त सेवाशुल्कावर, आणि त्यालाही तळ ठेवा. काही सरकारी निविदांत वेतन असे बाजूला काढलेले असते. अधिकारी म्हणाले, ‘आमच्या संगणकात तशी सोय नाही.’ संगणकाचे काम पाहणाऱ्या मुलाला आम्ही जेवणाच्या सुटीत गाठले. तो म्हणाला, ‘काका, सकाळभराचे काम आहे, पण वरून सांगायला हवे.’ पुढची निविदा दिवाळीनंतर निघायची आहे. त्या मुलाचे म्हणणे आम्ही आमच्या दुसऱ्या पत्रात लिहिले आहे, नाव न घालता.