घरातले कागद जपा



बँकेत आम्ही साधे व्हाऊचरही जपतो. पण वडिलांची विहाराच्या वर्गणीची वही आम्हीच रद्दीत घातली. ती चूक सांगायला आज उभे आहोत.

चां. भ. खैरमोडे यांनी बाबासाहेबांची पत्रे, कागदपत्रे चिकाटीने गोळा केली. १९५२ साली चरित्राचा पहिला खंड निघाला. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली जे खंड काढले, त्यांत हस्तलिखितात पडून राहिलेले लेखनही समाजासमोर आले.

थोरांचे कागद वाचले. पण १९५६ च्या दीक्षेनंतर जालना जिल्ह्यातील खेड्यांत धम्म कसा रुजला, हे सांगणारी पोस्टकार्डे, लग्नपत्रिका आपल्याच ट्रंकेत आहेत. विद्यार्थ्यांनो, ती ट्रंक उघडा. प्रत्येक कागदामागे साल व गाव पेन्सिलीने लिहा.

जय भीम!