अवकाशातली बारा मिनिटं

१८ मार्च १९६५ रोजी सोविएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह व्होस्खोद-२ यानाबाहेर आले. अवकाशात चालणारे ते पहिले मानव.

यानातली उपकरणं हवेनं थंड ठेवली जात. त्यामुळे केबिनमधली हवा काढून दार उघडणं शक्यच नव्हतं. अभियंत्यांनी तोडगा काढला, तो मला फार मोलाचा वाटतो. यानाला बाहेरून फुगवता येणारी, कापडी भिंतींची एक अरुंद खोली जोडली. तिच्यातून लिओनोव्ह बाहेर पडले आणि दोराला बांधलेल्या अवस्थेत सुमारे बारा मिनिटं तरंगले.

खरी कसोटी परतताना लागली. निर्वात पोकळीत पोशाख इतका फुगला, की बोटं हातमोज्यांतून मागे सरकली आणि आत शिरणं अशक्य झालं. त्यांनी झडप उघडून पोशाखातली हवा थोडी थोडी सोडली. दाब फार उतरला असता, तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन जीव गेला असता! शेवटी ते डोकं पुढे करून आत घुसले.

पुढे स्वयंचलित यंत्रणाही बिघडली. कमांडर पावेल बेल्यायेव्ह यांनी यान हातानं चालवून उरल भागातल्या बर्फाळ जंगलात उतरवलं. तिथे दोघांनी दोन रात्री काढल्या.