माळवदाच्या घराची प्रतिकृति

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं मुलांच्या खेळाचा वाटेल. जुनें राहतें घर पाडण्यापूर्वीं, किंवा तें सोडून शहरांत जाण्यापूर्वीं, त्याची लहानशी प्रतिकृति आपल्या हातांनीं कशी करावी, हा तो विषय होय. नांदेडहून लातूरकडे जातांना वाटेंत लोहा लागतें. त्या बाजूच्या जुन्या घरांवर कौलें नसतात. मातीचें सपाट माळवद असतें. अशीं घरें आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम मापें घ्यावीं. आपल्याकडे घराचें मोठेपण खणांवर सांगतात. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. तेव्हां आधीं खण मोजावे. घराचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा अर्धा इंच, असें प्रमाण धरावें. चाळीस फुटांचा वाडा मग वीस इंचांच्या फळीवर बसतो, आणि दोन फूट जाडीची भिंत एका इंचाची होते. हें प्रमाण कोठेंहि सोडूं नये. ओसरी आवडती म्हणून मोठी केली, कीं घर बिघडलेंच.

साहित्य जवळच मिळतें. ज्वारीच्या धाटांच्या गाड्या करणारीं आणि पोळ्याला मातीचे बैल वळणारीं मुलें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झालीं. तेंच कसब येथें उपयोगी पडतें. खांब व तुळया सागाच्या काड्यांच्या कराव्या. भिंतींसाठीं काळ्या दगडाच्या कपच्या आणि माती घ्यावी. नुसती चिकणमाती वाळतांना तडकते, म्हणून तींत बारीक भुसा व शेण मळावें, आणि पातळ थर देऊन सावलींत वाळवावे.

माळवद मात्र चिकटवूं नये. उचलतां येईल असें ठेवावें. म्हणजे ढेळज, ओसरी, माजघर, देवघर, धान्याचें बळद, सारें दिसेल. माळवदाची एक बाजू उभी कापलेली दाखवावी: खालीं तुळया, वर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. गळती थांबविण्यासाठीं पावसाळ्यापूर्वीं वरचेवर नवी माती पसरावी लागते, त्यामुळें हा थर वाढतच जातो. उन्हाळ्यांत तोच घर थंड ठेवितो.

आणि तोच घातकहि ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीस भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. भिंती जाड होत्या, पण दगड मातींत रचलेले होते. भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींस बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते. भिंती फुटल्या, आणि वरचा भार झोपलेल्यांवर आला. कांहीं घरांत मात्र खांब-तुळयांचा लांकडी सांगाडा उभा राहिला. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जीं घरें त्या पहांटे गेलीं, त्यांचीं मापें घेण्यास कोणाला सवड मिळाली नाहीं.

म्हणून प्रतिकृति सुंदर करण्यापेक्षां खरी करावी. भिंतीचा एक भाग उघडा ठेवावा. भेग असेल तर भेगहि दाखवावी. फळीच्या खालीं गांवाचें नांव आणि साल लिहावें. मग तें घर हातीं घेणाऱ्या नातवाला पणजी कोठें दळीत असे हें कळेल, आणि आपल्या वडिलांनीं तें घर कां सोडलें हेंहि कळेल. घरांत कोणी वृद्ध माणूस असेल, आणि प्रत्येक खणाची हकीकत त्यास ठाऊक असेल, तर मोजपट्टी आजच काढावी. माळवद आणखी एखादा पावसाळा काढील. सांगणारें माणूस तोंवर असेलच असें नाहीं.