सरासरीचा पाऊस

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भारतांत सरासरीनें सुमारें ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. शतकभरांत हा आंकडा फारसा ढळलेला नाहीं. मुलांना सरासरी काढावयास शिकविण्यांत माझी हयात गेली. पण सरासरी कांहीं शेतांत पडत नाहीं! मध्य भारतांत १९५१ ते २००० या काळांत अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले. बेरीज जवळजवळ तीच राहिली. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो जमिनींत मुरणार किती? शेतकऱ्यास हवा असतो मृगापासून हस्तापर्यंत थोड्याथोड्या दिवसांनीं येणारा पाऊस. पेरणीनंतर तीन आठवडे उघाड पडली, तर पुढच्या मुसळधारेनें करपलेलें रोप उठत नाहीं. दप्तरांत मात्र तें साल ‘सरासरीइतकें’ म्हणून नोंदलें जातें.