पाच रात्री, सहा दिवस. त्यात श्रीनगर किती तास?

साताऱ्या-सांगलीकडच्या बऱ्याच घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक पोस्टर फिरतंय. पुढे शिकारा, मागे बर्फाचा डोंगर, खाली मोठ्या अक्षरात "काश्मीर, 5 रात्री 6 दिवस". जाणार असतात आई-बाबा, सोबत आत्या नाहीतर मावशी. पैसे भरायचं, तिकिटं तपासायचं आणि आधार कार्डांचे फोटो पाठवायचं काम मात्र तुमच्या गळ्यात पडतं, कारण "तुला मोबाइलमधलं कळतं". म्हणून आजचा भाग जाणाऱ्यांपेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

आधी जरा हिशेब करू. पोस्टर सहा दिवसांचं असलं तरी पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि शेवटचा परतण्यात. सांगलीहून पुणे विमानतळ म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. सकाळचं विमान असेल तर रात्री जेवून निघायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा आणि पहाटे लोहगावला बाकड्यावर डुलक्या घ्यायच्या. बऱ्याचदा दिल्लीला विमान बदलावं लागतं. दुपारी श्रीनगरला उतरलेला माणूस तोवर निम्मा झोपेत असतो आणि त्याच संध्याकाळी त्याला शिकाऱ्यात बसवतात, कारण कार्यक्रमपत्रिकेत "पहिला दिवस, शिकारा राइड" असं लिहिलेलं असतं.

मधल्या चार दिवसांत गुलमर्ग एका बाजूला साधारण 50 किलोमीटर, पहलगाम 90 आणि सोनमर्ग 80. जाऊन-येऊन तिन्ही मिळून 440 किलोमीटर झाले, तेही डोंगरातले. उरलेल्या एका दिवसात शंकराचार्यांचं मंदिर, निशात, शालिमार आणि मोसम असेल तर ट्युलिपची बाग. म्हणजे ज्या शहराच्या नावाने तिकीट काढलं ते श्रीनगर वाट्याला येतं एक दिवस आणि एक पेंगुळलेली संध्याकाळ. बाकी वेळ ते फक्त मुक्कामाचं गाव.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. साठीच्या माणसाला रोज सामान बांधा-सोडायला लागू नये, ओळखीचं जेवण मिळावं, बोलायला आपली माणसं असावीत, यात पॅकेज टूरचा मोठा आधार असतो. आमच्याकडे पूर्वी काशी-रामेश्वरची यात्रा कंपनी असायची, स्वयंपाकी आणि शेगड्या सोबत घेऊन निघायची. त्याचंच हे विमानातलं रूप. माझं म्हणणं एवढंच की पैसे भरण्याआधी यातला एक दिवस आपण बदलून घेऊ शकतो. टूरवाल्याला सांगा, सोनमर्ग नको, तो दिवस आम्हाला श्रीनगरातच द्या. मोठ्या ग्रुपच्या टूरमध्ये हे अवघड असतं. पण चार-सहा जणांचं फॅमिली पॅकेज असेल तर सहज होतं, उलट गाडीचं डिझेल वाचतं म्हणून तो खूशच होईल. त्या मोकळ्या दिवसात काय करायचं ते सांगतो, पण आधी पैशाचं.

पोस्टरवरचा आकडा वाचताना बारीक अक्षरं वाचा. "एक्स श्रीनगर" असं लिहिलं असेल तर तो दर श्रीनगर विमानतळापासून सुरू होतो. विमान तुमचं, पुण्यापर्यंतची गाडीही तुमची. "ट्विन शेअरिंग" म्हणजे एका खोलीत दोघं धरून माणशी दर. एकटी मावशी जाणार असेल तर तिला जास्त पडणार. जीएसटी धरलेला आहे की वेगळा, तेही विचारा.

मग "समाविष्ट नाही" ही यादी. गुलमर्गच्या गोंडोलाचं तिकीट बहुतेक वेळा त्यात असतं. हे तिकीट ऑनलाइन, नावानिशी आणि तारखेचं निघतं. सीझनमध्ये लवकर संपतं, म्हणून "तिथे गेल्यावर बघू" हे उत्तर मान्य करू नका. आणि दुसरा टप्पा काढण्याआधी घरातल्यांचा रक्तदाब आठवा. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर उंचीवर आहे, गोंडोलाचा दुसरा टप्पा चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. दम्याच्या किंवा हृदयाच्या पेशंटने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये. पहिल्या टप्प्यावरही पोटभर बर्फ बघायला मिळतो.

पहलगामला पोहोचलं की आपली गाडी थांबते. पुढे अरू, बेताब व्हॅली, चंदनवाडी बघायला तिथल्या युनियनची टॅक्सी करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. इथे आपल्याकडची मंडळी फार चिडतात, "लुटतात हो" म्हणून. खरं तर महाबळेश्वरला टॅक्सी संघटनेचे पॉइंटवार दर ठरलेलेच आहेत आणि वेण्णा लेकवर घोड्याच्या फेरीवरून पुण्या-मुंबईचे पाहुणे रोज हुज्जत घालतात. तिथला घोडेवाला आपल्याला "आपला" वाटतो आणि पहलगामचा "लुटणारा", एवढाच फरक. दर आधी विचारा, बोर्ड लावलेला असेल तर त्याचा फोटो काढा, पटलं तर बसा. तीन-चार महिन्यांच्या सीझनवर वर्ष काढणाऱ्या माणसाशी शेवटच्या पन्नास रुपयांसाठी भांडू नये, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

आता ज्या प्रश्नामुळे हा भाग करावासा वाटला तो घेऊ. जावं का?

22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी पर्यटकांवर गोळ्या झाडल्या. 26 माणसं गेली. त्यात सहा महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. टूरवर गेलेली, आपल्यासारखीच माणसं. आणि त्या 26 मध्ये एक तिथला घोडेवालाही होता, पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला. त्यानंतर आठवड्याच्या आत सरकारने काश्मीरमधल्या 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद केली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडायला सुरुवात झाली.

"काही होत नाही, जा बिनधास्त" असं सांगणं मला जमणार नाही, आणि "कशाला जायचं तिकडे" हेही नाही. साताऱ्याच्या कितीतरी घरांना काश्मीर कळलं ते फौजेतून. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात शहीद झाले, ते इकडे कुणी विसरलेलं नाही. तेव्हा निर्णय घरात बसून घ्या, आईची भीती हसण्यावारी नेऊ नका. मात्र जायचं ठरलं तर दोन गोष्टी लेखी घ्या. एक, कार्यक्रमातली कुठली ठिकाणं आज उघडी आहेत आणि एखादं बंद झालं तर बदल्यात काय. दुसरी, टूर रद्द झाली तर किती पैसे परत. तुम्ही रद्द केली तर किती, त्यांनी केली तर किती आणि विमान कंपनीने केलं तर किती, हे तीन वेगळे आकडे असतात. पहलगामनंतर धडाधड टूर रद्द झाल्या तेव्हा लोकांना हा फरक पहिल्यांदा समजला. विमानाचं तिकीट "नॉन-रिफंडेबल" काढलं असेल तर टूरवाला कितीही भला माणूस असला तरी त्याच्या हातात काही नसतं. ओळखीचा आहे म्हणून पावती न घेणं, पैसे कंपनीऐवजी कुणाच्या खासगी नंबरवर पाठवणं, हे टाळा. वाद झालाच तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि सांगली-सातारा दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तिथे कागदच लागतो.

फोनचं महत्त्वाचं. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. म्हणजे आई-बाबा विमानातून उतरले की त्यांचा फोन मुका होणार, इकडे तुम्ही दहा वेळा लावून घाबरणार, आणि तिकडे यूपीआयही चालणार नाही. जायच्या दोन आठवडे आधी दोघांपैकी एकाचं कार्ड पोस्टपेड करून घ्या, थोडी रोख बरोबर द्या, आणि ड्रायव्हरचा व हॉटेलचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवायला सांगा. हाउसबोटीवर राहणार असतील तर आणखी एक सांगा, रात्री हीटर चालू ठेवून झोपू नका. सगळं देवदार लाकडाचं काम असतं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये दल सरोवरात आग लागून पाच हाउसबोटी जळाल्या आणि बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक दगावले.

रेल्वेनेही जाता येतं आता. 2025 च्या जूनमध्ये चिनाबवरचा पूल सुरू झाला, नदीच्या पात्रापासून 359 मीटर उंच, आणि कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावायला लागली. पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूपर्यंत नेते, तिथून कटरा, तिथून पुढची गाडी. सहा दिवसांच्या टूरमध्ये हे बसत नाही, सुट्टी मोठी असेल तर मात्र बघा. तो पूल बघायला मला स्वतःला जायचंय.

तर, तो मोकळा दिवस.

विटा, खानापूर, आटपाडी, इकडे माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातल्या गावांत घराघरातला कुणीतरी गलाईच्या धंद्यात आहे. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा. शेतात पाणी नव्हतं, म्हणून माणसं हा धंदा घेऊन देशभर गेली. केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजारात मागच्या गल्लीत गेलात आणि भट्टीपाशी बसलेल्या माणसाला "गाव कुठलं?" विचारलंत, तर उत्तर आपल्याकडचं यायची शक्यता मोठी. श्रीनगरही त्याला अपवाद नाही. लाल चौकाच्या परिसरात गलाईची मराठी कुटुंबं आहेत. 2023 मध्ये पुण्याच्या मंडळांनी दिलेली मूर्ती बसवून लाल चौकात दीड दिवसाचा गणपती झाला, त्याच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पोस्टरवरचं काश्मीर म्हणजे नुसता देखावा असतो, बर्फ, तळं, फुलं, त्यात माणूस नसतो. पण आपल्याच तालुक्यातली माणसं तिथे धंदा करतात, शेजाऱ्यांशी तिथल्या भाषेत बोलतात, बंदच्या काळात शटर ओढून घरात बसतात आणि उघडलं की परत भट्टी पेटवतात. तुमच्या गावात, भावकीत कुणी तिकडे आहे का, जायच्या आधी विचारा. असेल तर त्या दिवशी त्यांच्या घरी चहाला जा. टूर मॅनेजर जे सांगणार नाही ते त्या घरात तासाभरात कळेल. जाताना मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या, उपकार मानतील.

कुणी ओळखीचं नसलं तरी दिवस रिकामा जात नाही. पहाटे दलवर भाजीचा बाजार भरतो, तोही पाण्यावर. होडीला होडी लावून शेतकरी भाजी विकतात आणि त्यातली बरीचशी तळ्यातल्या तरंगत्या वाफ्यांवर पिकलेली असते. कृष्णाकाठच्या वांग्याच्या मळ्यातल्या माणसाला तो बाजार शालिमारपेक्षा जास्त आवडेल, पैज लावतो. तिथेच नदरू दिसेल, म्हणजे कमळाचा देठ. शाकाहारी असाल तर दह्यातली नदरू यखनी मागा. रोज वरण-भात देणाऱ्या टूरमध्ये ती पानात येत नाही, विचारावी लागते. सकाळी गल्लीतल्या कांदरूकडे, म्हणजे तिथल्या भट्टीवाल्याकडे, गरम गिरदा मिळतो, सोबत मिठाचा गुलाबी चहा. चहात मीठ म्हटल्यावर बाबा तोंड वाकडं करतील, त्यांना कहवा द्या.

पुस्तकांची आवड असेल आणि दिवसभर गाडी असेल तर आणखी एक. आपल्या भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, त्याच धर्तीवर पुण्याच्या सरहद संस्थेच्या पुढाकाराने वुलर सरोवराकडे, बांदीपोऱ्यातल्या अरगामला पुस्तकांचं गाव उभं राहिलंय. साताऱ्याच्या माणसाने तिथे जाऊन "आम्ही भिलारकडचे" म्हणायला काय हरकत आहे? श्रीनगरहून जाऊन-येऊन दिवस मोडतो, त्यामुळे भाजीबाजार आणि अरगाम एकाच दिवशी कोंबू नका.

पुढच्या भागात कासचं बुकिंग, गर्दी आणि तिथे गाडी कुठे लावायची यावर बोलू. तोवर घरच्या ग्रुपवरचं ते पोस्टर मोठं करून खालची बारीक अक्षरं वाचा, आणि आईचं सिम प्रीपेड आहे का ते आजच बघून घ्या.